गुडघ्यातला कृत्रिम सांधा, कातडीवरचा जंतू आणि दीड वर्षाचे उपचार

१८ ऑगस्ट २०२५ ला पुण्यात तपासणी झाली. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) ३ आला, एक्स-रेमध्ये सांधा घट्ट बसलेला दिसला आणि डॉक्टर म्हणाले, "आता एकदम वर्षाने या." घरी आल्यावर लगेच हे लिहायला घेतलं. माझ्या उजव्या गुडघ्यातल्या कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग झालाय हे कळलं, तेव्हा मी मराठीत कुणी काही लिहिलंय का ते शोधत होते. गुडघा बदलून मजेत चालणाऱ्यांचे अनुभव भरपूर मिळाले. बदललेला गुडघा काढावा लागलेल्या एकाचाही मिळाला नाही. गुडघा बदललेल्या शंभरातल्या एक-दोघांना हे होतं असं डॉक्टर सांगतात, म्हणजे महाराष्ट्रात अशी माणसं बरीच असणार. त्यांच्यातल्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून तारखा, खर्च, कागदपत्रं सगळं लिहिते आहे.

मी साताऱ्याची, निवृत्त विज्ञान शिक्षिका. वय ६५. मधुमेह बारा वर्षांपासून. दोन्ही गुडघे झिजलेले, पैकी उजवा जास्त. मार्च २०२३ मध्ये तो बदलला. ऑपरेशन सुरळीत झालं, दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभी राहिले. जखमेच्या खालच्या टोकातून मात्र टाके काढेपर्यंत थोडं थोडं पाणी येत होतं. "सुकेल हळूहळू," असं सांगितलं गेलं आणि ते सुकलंही.

दुखणं मात्र पूर्ण गेलं नाही. व्यायामानंतर दुखतं तसं ते नव्हतं. रात्री पडल्या पडल्या गुडघा आतून ठणकायचा. हात ठेवला तर डाव्यापेक्षा उजवा गरम लागायचा. ताप नाही, लाली नाही, पू नाही. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी एक्स-रे काढले, दोन्ही चांगले. "काहींना वेळ लागतो," असं उत्तर मिळत राहिलं. दिवाळीनंतर गुडघ्याला सूज आली. जवळच्या एका डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. सूज उतरली, गोळ्या संपल्यावर पंधरवड्यात परत आली. माझ्या यजमानांनी तेव्हाच ठरवलं की आता पुण्याला दाखवायचं.

जानेवारी २०२४. मुलाने सांधेबदलाच्या गुंतागुंतीच्या केसेस करणाऱ्या सर्जनची वेळ घेतली. त्यांनी गुडघा चाचपला, कागद पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "अँटिबायोटिक चालू आहे का?" सुरू असेल तर बंद करून किमान दोन आठवडे थांबायचं आणि मगच सांध्यातलं पाणी काढून तपासायचं, असं त्यांनी समजावलं. पोटात औषध असेल तर जंतू असूनही प्रयोगशाळेत वाढत नाहीत, रिपोर्ट कोरा येतो आणि सगळं निदान चुकतं. बदललेला गुडघा दुखत असणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिलं सांगते: पाणी तपासण्याआधी अँटिबायोटिक घेऊ नका. अंगात ताप भरलाय, थंडी वाजतेय, माणूस गळून गेलाय, अशी गोष्ट वेगळी, तेव्हा थेट हॉस्पिटल गाठावं.

सूज किंवा संसर्ग आहे का ते दाखवणाऱ्या रक्ताच्या दोन साध्या तपासण्या झाल्या. ईएसआर ५८, सीआरपी १९, दोन्ही वाढलेले. दोन्ही मिळून साताऱ्यात हजाराच्या आत होतात. मग दोन आठवडे वाट पाहून ऑपरेशन थिएटरमध्ये सुईने पाणी काढलं. भूल फक्त कातडीला, दुखलं थोडंसंच. पांढऱ्या पेशींची संख्या ६,४०० आणि त्यांतल्या ८६ टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी. न बदललेल्या गुडघ्यातल्या संसर्गाच्या मानाने हा आकडा अनेकांना फार वाटणार नाही, पण कृत्रिम सांध्यात इतक्या दिवसांनी तीन हजारांच्या वर पेशी आणि ऐंशी टक्क्यांच्या वर न्यूट्रोफिल म्हणजे संसर्गाचा दाट संशय.

कल्चरचा, म्हणजे नमुन्यात जंतू वाढतात का या तपासणीचा, रिपोर्ट ४८ तासांनी आला, "वाढ नाही". घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पाचव्या दिवशी प्रयोगशाळेतून फोन आला की आता वाढ दिसतेय. रिपोर्टवर लिहिलं होतं: कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस, बहुधा बाहेरून मिसळलेला.

इथे जरा थांबून सांगावंसं वाटतं, कारण माझ्या सगळ्या आजारपणाचं मूळ या ओळीत आहे. याच गटातला स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जंतू तुमच्या माझ्या प्रत्येकाच्या कातडीवर राहतो. जन्मल्यापासून तो आपल्या सोबत असतो आणि आयुष्यभर काही त्रास देत नाही. उलट कातडीवरची जागा त्याने व्यापलेली असते, म्हणून रोगकारक जंतूंना तिथे वाढायला कमी वाव मिळतो. नववीला मी वर्षानुवर्षे उपयुक्त आणि उपद्रवी सूक्ष्मजीव असे दोन गट शिकवले. हा जंतू कुठल्या गटात टाकायचा ते मला आता सांगता येणार नाही, कारण तो कुठे आहे यावर ते ठरतं. कातडीवर असेपर्यंत निरुपद्रवी. धातू आणि प्लॅस्टिकच्या सांध्यावर पोचला की तिथे चिकटतो, स्वतःभोवती चिकट थर तयार करतो आणि त्या थराच्या आत राहतो. कृष्णेच्या घाटावर पायरीला धरलेलं शेवाळ नुसतं पाणी ओतून जात नाही, तसं या थराचं आहे. धातूला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे शरीराच्या रक्षक पेशी तिथे नीट पोचत नाहीत. थरातले जंतू फार सावकाश वाढतात आणि बरीच अँटिबायोटिक्स जोरात वाढणाऱ्या जंतूंवरच चालतात. म्हणून गोळ्या घेतल्या की सूज उतरायची, गोळ्या थांबल्या की परत यायची.

शरीरात बाहेरची वस्तू असली की किती थोडे जंतू पुरतात हे १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन या संशोधकांनी माणसांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं. तो प्रयोग याच कुळातल्या जास्त तापट भावंडावर, स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर होता. नुसत्या कातडीत पू व्हायला लाखांनी जंतू लागत होते. तिथे रेशमी टाका असला तर शंभराच्या आसपास पुरले. माझ्या गुडघ्यात तर अख्खा सांधा होता.

पण हाच जंतू सगळ्यांच्या कातडीवर असल्यामुळे रिपोर्ट वाचणाऱ्याची खरी अडचण होते. सुई कातडीतून आत गेली, तेव्हा तो सुईबरोबर नमुन्यात आला की मुळात आत होता? एका नमुन्यावरून कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. एकाने आम्हाला "हा तर कातडीवरचा जंतू, सोडून द्या" असंही सांगितलं. आमच्या सर्जननी मात्र संसर्गरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून मला रात्रीच्या दुखण्याबद्दल, सुरुवातीच्या पाण्याबद्दल बारकाईने विचारलं आणि म्हणाल्या, "पुन्हा पाणी काढूया. तोच जंतू, तशाच औषध-संवेदनशीलतेचा, परत आला तर तो पाहुणा नाही." दुसऱ्या वेळी त्यांनी प्रयोगशाळेला लेखी सांगितलं की नमुना चौदा दिवस ठेवा. कातडीवरचाच क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा आणखी एक जंतू असतो, केसांच्या मुळाशी राहणारा, प्राणवायू नको असणारा. खांद्याच्या सांध्यात तो जास्त सापडतो. तो इतका सावकाश वाढतो की पाच दिवसांत नमुना फेकला तर हाती लागत नाही. तुमच्या चिठ्ठीवर "चौदा दिवस" लिहिलंय का ते बघून घ्या. आमच्या प्रयोगशाळेने त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या नमुन्यातही तोच आला.

त्या दिवशी मी खूप रडले. एकदा सोसलेलं सगळं परत सोसायचं, तेही दोन वेळा. संसर्ग ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत लक्षात आला तर सांधा तसाच ठेवून आतून धुऊन काढता येतो, फक्त मधलं प्लॅस्टिक बदलतात. माझ्या बाबतीत वर्ष होत आलं होतं. आधी सांधा काढायचा, त्या जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवायचा (डॉक्टर त्याला स्पेसर म्हणतात), सहा आठवडे शिरेतून औषध, मग काही आठवडे वाट, आणि सगळं स्वच्छ दिसलं तर नवा सांधा. असा आराखडा ठरला.

नातेवाइकांचा प्रश्न एकच, "कुणाच्या चुकीमुळे झालं हे?" मीही तो तज्ज्ञबाईंना विचारला. त्यांनी सांगितलं की ऑपरेशनआधी कातडी औषधाने पुसतात तेव्हा वरचे जंतू मरतात, पण केसांच्या मुळाशी आणि घामाच्या ग्रंथींत थोडे उरतातच. ते माझ्याच कातडीतले असतील, थिएटरमधल्या कुणाचे असतील, आता शोधता येणार नाही. मधुमेह आणि बरेच दिवस पाझरणारी जखम या दोन गोष्टींनी धोका वाढतो एवढं नक्की. राग यायचा तो आलाच, पण सिद्ध करण्याजोगं हातात काही नव्हतं आणि उपचारांना ताकद हवी होती. आम्ही पहिल्या हॉस्पिटलकडून एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे सगळे कागद.

हे कागद फार महत्त्वाचे. आत कुठल्या कंपनीचा, कुठल्या मापाचा सांधा आहे हे नव्या सर्जनला आधी माहीत असलं तर तो काढायची हत्यारं तयार ठेवता येतात. डिस्चार्ज समरीवर ते बऱ्याचदा नसतं. ऑपरेशन नोट आणि सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर मागायचे. आम्हाला मेडिकल रेकॉर्ड विभागात अर्ज, आधारची प्रत आणि मुलगा नेणार म्हणून माझं सहीचं पत्र द्यावं लागलं. "पुढच्या आठवड्यात या" असं दोनदा ऐकल्यावर मुलाने अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली आणि वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत ७२ तासांत कागद द्यायची तरतूद आहे, हे शांतपणे दाखवलं. मग मिळाले.

२० फेब्रुवारी २०२४ ला पहिला टप्पा झाला. आतून वेगवेगळ्या जागचे पाच तुकडे तपासायला पाठवले, चारांत एपिडर्मिडिस वाढला. मेथिसिलिनला दाद न देणारा, म्हणजे नेहमीची सोपी औषधं बाद. सांध्याखालचं हाड थोडं खाल्लं गेलं होतं, त्यामुळे वाकणारा स्पेसर न बसवता सरळ ठोकळा बसवला. पाय मांडीपासून घोट्यापर्यंत ब्रेसमध्ये, वाकवायचा नाही, भार टेकवण्यापुरता.

सुरुवातीला शिरेतून व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक. हे औषध सावकाश जायला हवं, ग्रॅमला निदान तास. एकदा सलाईन जोरात सुटली तेव्हा मान आणि छाती लाल होऊन खाज सुटली. सिस्टरनी लगेच वेग कमी केला. रक्तातली औषधाची पातळी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी तपासणी) वरचेवर तपासत होते. दुसऱ्या आठवड्यात क्रिएटिनिन ०.८ वरून १.४ वर गेलं, म्हणून औषध बदलून टायकोप्लॅनिन आलं. ते दिवसातून एकदाच, त्यामुळे घरी जायची परवानगी मिळाली. त्यासाठी दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत पोचणारी बारीक नळी बसवली, पिक लाइन म्हणतात तिला. बारा हजार रुपये लागले. हाताला रोज नवी सुई टोचणं टळलं, ते पैसे सार्थकी लागले असं मी म्हणेन.

आणि तरी मला सगळ्यात भीती त्या नळीचीच वाटायची. कारण तीही शरीरात शिरलेली बाहेरचीच वस्तू, तिच्या भोकाशी माझीच कातडी, आणि अशा नळ्यांवरून रक्तात शिरणाऱ्या जंतूंत एपिडर्मिडिस आणि त्याचे भाऊबंद अग्रभागी असतात. घरी येणाऱ्या सिस्टरना (एका फेरीचे तीनशे रुपये) मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "रागावू नका, पण मी लक्ष ठेवणार." आधी हात धुणं, नळीच्या तोंडाची टोपी अल्कोहोलच्या स्वॅबने पंधरा सेकंद घासणं, ते वाळू देणं, औषधाआधी आणि नंतर सलाईनने नळी धुणं, आठवड्याला ड्रेसिंग. त्या कधी रागावल्या नाहीत, उलट पुढे त्याच मला मोठ्याने सेकंद मोजून दाखवायच्या. आंघोळीला दंडावर प्लॅस्टिक गुंडाळायचं. थंडी वाजून ताप आला तर वाट न पाहता हॉस्पिटल, ही चिठ्ठी सुनेने फ्रिजवर लावली होती.

सरळ पाय घेऊन घरात राहणं फार जड गेलं. कमोड खुर्ची आणि पाय ठेवायला समोर तेवढ्याच उंचीचं स्टूल या दोन गोष्टी घरी येण्याआधी आणून ठेवा. पुण्याला जाता-येताना मी गाडीच्या मागच्या सीटवर पाय लांब करून आडवी बसायचे. खंबाटकी घाटातलं प्रत्येक वळण ठोकळ्यात कळायचं. मन खचायचं ते संध्याकाळी. हे शेजारी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, त्याने बरं वाटायचं.

टायकोप्लॅनिनच्या एका कुपीची छापील किंमत दोन हजारांच्या घरात होती. मुलाने ठोक दुकानात चौकशी केली तर तेच औषध साडेआठशेला मिळालं. डॉक्टरांना कंपनी चालेल का हे विचारून घेतलं. पहिल्या टप्प्याचं बिल तीन लाख दहा हजार झालं. मेडिक्लेममधून त्यातले दोन लाख सत्तर मंजूर झाले, हातमोजे-गाऊनसारख्या वस्तूंचे पैसे कापले गेले. डिस्चार्जनंतरच्या ज्या साठ दिवसांचा खर्च पॉलिसी देते त्यांत घरच्या इंजेक्शनांचा खर्च बसत होता, पण विमा कंपनीने आधी तो नाकारला. हॉस्पिटलात नसताना इंजेक्शन का, असं त्यांचं म्हणणं. मग तज्ज्ञबाईंनी लेटरहेडवर निदान, औषध, मात्रा, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत असं सगळं लिहून दिलं, सिस्टरच्या सहीचा रोजचा तक्ता जोडला आणि सुमारे दीड महिन्याने पैसे आले. हा तक्ता पहिल्या दिवसापासून ठेवा, मागून तयार करता येत नाही. आमची पॉलिसी एप्रिलमध्ये नव्याने सुरू होते, त्यामुळे दुसरा टप्पा पुढच्या वर्षाच्या पाच लाखांत बसला. ज्यांच्याकडे मेडिक्लेम नाही त्यांनी महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्रांना भेटून, पहिला टप्पा ठरवण्याआधीच, दोन्ही टप्प्यांबद्दल विचारावं.

एप्रिलच्या सुरुवातीला सहा आठवडे पूर्ण झाले, नळी काढली. आता काहीही औषध न घेता वाट पाहायची. जंतू उरला असेल तर या काळात डोकं वर काढतो. हा काळ मला ऑपरेशनपेक्षा अवघड वाटला. दर सकाळी गुडघ्याला हात लावून गरम लागतो का पाहायचे. सीआरपी आधी ७, मग ४. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.१ वरून ७.२ वर आणलं होतं. ते केल्याशिवाय सर्जन तारीख देणार नव्हते आणि ते बरोबरच होतं.

१४ मे २०२४ ला दुसरा टप्पा. आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी क्लोरहेक्सिडिनच्या द्रावणाने आंघोळ. पायावरचे केस घरी ब्लेडने काढू नका असं बजावलं होतं. ब्लेडने न दिसणारे कापे जातात आणि तिथेच जंतू साठतात. लागलेच तर हॉस्पिटलात मशीनने कापतात. ऑपरेशनमध्ये पुन्हा पाच नमुने घेतले. ते चौदा दिवस ठेवले. पाचही कोरे आले त्या दिवशी मी घरी होते. मुलाने फोनवर सांगितलं तेव्हा मला बराच वेळ काही बोलता आलं नाही.

बिल चार लाख तीस हजार. दुसऱ्यांदा बसवायचा सांधा लांब दांडीचा असतो, तो साध्यापेक्षा महाग. गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ पासून मर्यादा घातली आहे आणि ती दुसऱ्यांदाच्या सांध्यांनाही लागू आहे, म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगा.

त्यानंतर तीन महिने रिफॅम्पिसिन आणि लिव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या. रिफॅम्पिसिन त्या चिकट थरावर काम करतं, पण एकटं दिलं तर जंतू त्याला लवकर सरावतात, म्हणून जोडीला दुसरं औषध. रिकाम्या पोटी घ्यायचं. लघवी केशरी होते, डोळ्यांतलं पाणीही, घाबरायचं नाही. क्षयरोगाचं औषध म्हणून ते सगळ्यांना माहीत असल्याने शेजारच्या वहिनींनी हळूच विचारलं, "टीबी झाला का हो?" मी त्यांना सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. रिफॅम्पिसिनमुळे बाकीच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो. माझ्या ग्लिमेपिराइडचा, म्हणजे मधुमेहाच्या गोळीचा झाला आणि साखर वाढली, म्हणून मात्रा बदलावी लागली. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगाच. लिव्हरची तपासणी दर महिन्याला. लिव्होफ्लॉक्सासिन चालू असताना टाचेमागची शीर दुखू लागली तर लगेच कळवायला सांगितलं होतं, मला तसं झालं नाही.

आज गुडघा ९५ अंशांपर्यंत वाकतो. खाली मांडी घालून बसता येत नाही, पूजा खुर्चीवर बसून करते. सकाळी अर्धा तास काठीशिवाय चालते, जिने कठडा धरून. रात्रीचा ठणका गेला, त्यासाठी हे सगळं केलं असं म्हटलं तरी चालेल.

डावा गुडघा आता बराच कुरकुरतोय. ऑगस्टच्या भेटीत मी विचारलंच, तो बदलता येईल का? सर्जन म्हणाले, उजव्यात आणखी वर्षभर काही आलं नाही तर करू. पायाची एखादी जखम, दाताचं गळू, लघवीचा संसर्ग असलं काही असेल तर ते आधी बरं करायचं, साखर ताब्यात ठेवायची आणि ऑपरेशनआधी सीआरपी-ईएसआर पुन्हा पाहायचे. ऑपरेशननंतर जखम पाच-सात दिवसांपेक्षा जास्त पाझरली तर घरी वाट न पाहता त्याच आठवड्यात त्यांना दाखवायचं, हे मात्र त्यांनी फाईलच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं आहे.